घराचा रविवार



या व्यासपीठावरून आपण गेले काही दिवस विद्वानांची भाषणे ऐकत आहात. आज नववीतून शाळा सुटलेला एक माणूस आपणापुढे उभा आहे. आमचे पुढले शिक्षण लेथवर झाले आणि युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटावर झाले. त्या कपाटात जी पुस्तके होती ती वाचली, जी नव्हती ती राहिली. तेव्हा बोलण्यात काही उणे राहिल्यास तो दोष कपाटाचा समजावा, एवढी विनंती.

चालकांनी पत्र पाठवून विषय विचारला. वेतन, कंत्राटी पद्धत किंवा नवे कामगार कायदे यांपैकी काही तरी येईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘रविवार’ असे कळविले. त्यांचा फोन आला, ‘आपण रविवारी येणार हे ठीक, पण विषय काय लिहू?’ रविवार हाच विषय, हे त्यांना दोनदा सांगावे लागले.

आम्हांला सांगावयाचे आहे ते प्रथमच सांगून टाकतो. माणसाला आठवड्याची सुट्टी मिळणे ही एक गोष्ट आहे आणि घरातल्या सगळ्यांना ती एकाच दिवशी मिळणे ही दुसरी. पहिली गोष्ट आमच्या वाडवडिलांनी झगडून मिळविली. दुसरीही तेव्हा तिच्याबरोबरच आली. पण ती वेगळी आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही, म्हणून तिची राखण झाली नाही. पोरांचे सामने, त्यांचे वाढदिवस, वर्षाकाठी एखादी सहल हे सारे त्या दुसऱ्या गोष्टीवर उभे असते.

आता थोडा इतिहास. १८८१ साली या देशात पहिला कारखाना कायदा झाला. त्या कायद्याने सात वर्षांच्या आतल्या मुलास कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तास व महिन्याला चार सुट्ट्या ठरवून दिल्या. मोठ्या माणसांना मात्र त्यात काहीच नव्हते. म्हणजे गिरणीतल्या पोराला सुट्टी, आणि त्याच गिरणीतल्या त्याच्या आईला व बापाला नाही. पोराने त्या दिवशी जावे कोणाबरोबर? घर आणि घड्याळ यांची फारकत आमच्याकडे कायद्याच्या पहिल्याच पानावर झालेली आहे.

पुढे नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. स्वतः गिरणीत भांडारपालाचे काम केलेला हा माणूस जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा कार्यकर्ता आणि ‘दीनबंधू’चा संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या कामगारांची सभा घेतली व मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यात पहिली मागणी दर रविवारच्या सुट्टीची होती. अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्यासाठी सहा वर्षे खपावे लागले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात ती आली.

येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. लोखंड्यांनी ‘आठवड्यातून कोणताही एक दिवस’ असे मागितले नाही, रविवार मागितला. रविवार हा खंडोबाचा वार. घाटावरून आलेल्या गड्याला तो परका नव्हता. त्यांनी सर्वांसाठी एकच वार मागितला, कारण भजन एकट्याने होत नाही, कुस्तीला जोड लागते आणि सभेला तर माणसेच लागतात.

त्या रविवाराची चव आम्ही लहानपणी घेतली आहे. आमचे आबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. आमची खोली दहा बाय बाराची, माणसे सात. शनिवारच्या रात्रीपासूनच चाळीचा आवाज बदलत असे. रविवारी सकाळी आबा मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभे, आई मसाला वाटते आहे, आम्ही पोरे गल्लीत चेंडू-फळी घेऊन. आमच्या खेळाला प्रेक्षक होते! वरच्या गॅलरीतून तीन मजल्यांचे बाप ओरडत असत. कोणाचा पोरगा बाद झाला की त्याचा बाप पंचाशी भांडत असे. दुपारी गावाकडे पत्र लिहिण्याचे काम. वर्षातून दोनदा राणीचा बाग, एकदा चौपाटी. आबांनी कधी आम्हांला जवळ घेऊन उपदेश केला नाही, की त्यांना तशी सवड नव्हती. पण ते तेथे होते, आणि ते पाहत आहेत हे आम्हांला ठाऊक होते. लहान मुलाला याहून अधिक फारसे लागत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याची कथा येथे सांगत नाही, ती आपणांस ठाऊक आहे. आमच्या घरापुरते एवढेच की त्यानंतर आबांना सगळे वार रविवार झाले. सुट्टी आणि बेकारी यांतला फरक आम्ही बाराव्या वर्षी शिकलो. सुट्टी गोड लागते ती दुसऱ्या दिवशी कामावर जावयाचे असते म्हणून. पुढे घर उठले, गावी गेले आणि काही वर्षांनी भोसरीच्या एका वर्कशॉपात आम्ही हेल्पर म्हणून लागलो.

तेथे पहिल्याच आठवड्यात समजले की इथला रविवार गुरुवारी असतो.

पिंपरी-चिंचवडच्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. विजेचा भार सर्व दिवसांवर सारखा वाटला जावा म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार लावून देण्यात आले. आमच्या भागातल्या पुष्कळ कारखान्यांच्या वाट्याला गुरुवार आला. त्यात कायद्याचा भंग नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, काम नको असेच म्हटले होते. पण त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक सुट्टी दिली तर रविवारी काम घेता येईल, अशी मोकळीकही दिली होती. बोटे मोजून पाहा : गुरुवार, शुक्रवार, शनिवार. गुरुवार बरोबर कडेवर बसतो. कायदा पाळला गेला, यंत्रांना वीज मिळाली आणि कामगाराचे घर रविवारपासून तीन दिवस दूर गेले.

तरुण असताना आम्हांला याचे काही वाटले नाही. उलट गुरुवार सोयीचा वाटे. बँक उघडी, रेशन कार्डाची कचेरी उघडी, सिनेमाला गर्दी नाही. लग्न झाले, मूल शाळेत जाऊ लागले, तेव्हा हिशेब कळला. गुरुवारी बाप घरी आणि पोर शाळेत. रविवारी पोर घरी आणि बाप मशीनवर. दुसरी पाळी असली तर पोर शाळेतून येण्याआधी बाप गेलेला आणि बाप येतो तेव्हा पोर झोपलेले. एका छपराखाली राहणारी माणसे आठवडाभर एकमेकांना चिठ्ठ्यांवर भेटतात. पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासून पुण्याच्या पोरांना फिरवीत आली. आमच्या वसाहतीतल्या कितीतरी पोरांनी ती मामाबरोबर पाहिली, शेजाऱ्यांबरोबर पाहिली, बापाबरोबर पाहिली नाही.

आमच्या पिढीला वाढदिवसाचे कौतुक नव्हते, हे खरे. या सभेत पन्नाशी ओलांडलेले जे आहेत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा जन्म १ जूनचा असेल! शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. आमचीही तीच. आई सांगत असे की तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालास. पण सरकारदरबारी आम्ही १ जूनलाच जन्मलो आणि ३१ मे रोजी निवृत्त होणार. म्हणून मुलांच्या वाढदिवसाचे खूळ आम्हांला प्रथम थोडे हास्यास्पद वाटे. केक, फुगे, टोप्या हा श्रीमंतांचा नाद, असे आम्ही एका सभेत बोलूनही गेलो.

सभा संपल्यावर एका कामगाराची घरवाली पुढे आली. म्हणाली, ‘भाऊ, केकचं राहू द्या. माझ्या पोराचे पाच वाढदिवस झाले. पाचांचे फोटो आहेत. सगळ्यांत शेजारी हायती, आत्या हाय, गल्लीतली पोरं हायती. बाप एकात बी नाय. मोठं झाल्यावर पोरगं मला विचारंल, तेव्हा काय सांगू?’

आम्हांला उत्तर देता आले नाही. वेतनवाढीचा, बोनसचा, कँटीनचा प्रश्न कोणी विचारला तर आमच्या जिभेवर उत्तर असते. या प्रश्नासाठी आमच्या मागणीपत्रकात रकानाच नव्हता.

मग कपाटाकडे गेलो. तेथे दोन गोष्टी सापडल्या, त्या आपणांस सांगतो. पहिली रशियातली. १९२९ साली सोव्हिएत सरकारने ठरविले की यंत्रे एक दिवसही थांबू नयेत. आठवडा पाच दिवसांचा केला, कामगारांचे पाच गट पाडले आणि गटांना रंग दिले. प्रत्येकाला चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी. कागदावर पाहिले तर पूर्वीपेक्षा सुट्टी लवकर येत होती. पण नवऱ्याचा रंग पिवळा आणि बायकोचा हिरवा असला तर? कामगारांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या, की बायको कारखान्यात आणि मुले शाळेत असताना मिळणाऱ्या सुट्टीचे करावयाचे काय? १९३१ मध्ये बहुतेक ठिकाणी ती पद्धत मोडून सर्वांना समान सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा आला, आणि १९४० मध्ये रविवार परत आणावा लागला. स्वतःला कामगारांचे म्हणविणारे सरकार, पण घरापुढे त्यालाही माघार घ्यावी लागली.

दुसरी गोष्ट आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेची. १९२१ साली तिने साप्ताहिक विश्रांतीचा करार केला. सात दिवसांत सलग चोवीस तास विश्रांती, हे त्यातले कलम सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या पुढचे वाक्य फारसे कोणी वाचीत नाही. शक्य असेल तेथे ही विश्रांती सर्व कामगारांना एकाच वेळी द्यावी, आणि देशाच्या किंवा भागाच्या रूढीने जो दिवस ठरलेला असेल त्याच्याशी ती जुळवावी, असा त्याचा आशय आहे. हा करार हिंदुस्थानने १९२३ साली मान्य केला. म्हणजे त्या बाईने जे विचारले ते काही लाडाचे मागणे नव्हते. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी जगातल्या शहाण्या माणसांनी ते कागदावर उतरविले होते. आम्हीच वाचले नव्हते.

आता आमच्या स्वतःच्या घराची गोष्ट सांगतो. ती सांगितल्यावाचून हे भाषण खोटे ठरेल.

२०१३ च्या जानेवारीत आमची मुलगी सहावीत होती. शाळेच्या खो-खोच्या संघात तिची निवड झाली होती. महिनाभर ती पहाटे उठून धावत होती. अंतिम सामना एका रविवारी सकाळी होता. आम्ही तेव्हा कारखाना सोडून पूर्णवेळ युनियनचे काम करीत होतो. आम्हांला गुरुवारचे बंधन नव्हते, रविवारचेही नव्हते. त्याच सकाळी आम्ही कार्यकारिणीची बैठक ठेवली होती. वाटले, तासाभरात आटोपेल. बैठका तासाभरात आटोपत नाहीत, हे पंचवीस वर्षे बैठका घेणाऱ्या माणसाला ठाऊक असावयास हवे होते.

मैदानावर पोहोचलो तेव्हा शिपाई दोऱ्या गुंडाळीत होता. फक्कीच्या रेघा पायांनी पुसल्या गेल्या होत्या. मुलगी खांबाला टेकून बसली होती, गुडघा खरचटलेला. संघ जिंकला होता. तिने शेवटच्या डावात सूर मारून दोन गडी टिपले होते. हे तिच्या मैत्रिणीने सांगितले, तिने नाही. परत येताना स्कूटरवर मागे बसून तिने विचारले, ‘पप्पा, मीटिंग कशाची होती?’ आम्ही सांगितले, ‘सुट्टीच्या दिवशी कामगारांना सक्तीने कामावर बोलावतात, त्याच्याविरुद्ध.’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मग तुम्हाला कोणी बोलावलं होतं?’

आम्हांला कोणी बोलावले नव्हते. बैठक आम्हीच बोलावली होती.

मालकाने चोरलेल्या रविवारांचा हिशेब आमच्याकडे आहे. आम्ही आपल्या हाताने उधळलेल्या रविवारांचाही असावयास हवा. चळवळ म्हणजे मोठे काम, घर म्हणजे बायकांचे काम, अशी एक समजूत आम्हां कार्यकर्त्यांत फार दिवस होती. लोकांच्या मुलांसाठी आम्ही दरवाजावर घोषणा दिल्या आणि आपल्या मुलीचा सामना चुकविला. आता ती नोकरी करते, परगावी असते. सामने पुन्हा होत नाहीत.

बायकांचे नाव निघाले म्हणून आणखी एक सांगितले पाहिजे. लालबागच्या रविवाराचे वर्णन आम्ही मघाशी मोठ्या आवडीने केले. त्यात आई काय करीत होती ते आपण ऐकलेत : मसाला वाटीत होती. रविवारी चूल जास्त वेळ पेटे, पाहुणे येत, धुण्याचा ढीग दुप्पट होई. आम्ही गल्लीत खेळत होतो, आबा गॅलरीत उभे होते, आणि आईला गॅलरीत आलेली आम्ही क्वचितच पाहिली. महालक्ष्मीच्या सभेत दोन स्त्रिया बोलल्या. पण जो रविवार मिळाला तो घरी येता येता पुरुषांचा झाला. तेव्हा ‘घराचा रविवार’ म्हणावयाचे तर त्या दिवशी भांडी कोणी घासावयाची हेही ठरवावे लागेल. आम्ही अलीकडे घासतो. फार चांगली निघत नाहीत, अशी तक्रार आहे.

कोणी म्हणेल, सर्वांना रविवार कसा देणार? एस.टी.चा कंडक्टर, इस्पितळातली परिचारिका, पाणीपुरवठ्याचा माणूस यांनी काय करावे? प्रश्न बरोबर आहे. आपण रविवारी मुलांना घेऊन बागेत जातो तेव्हा दारावरचा रखवालदार, भेळवाला, बसचा ड्रायव्हर हे आपला रविवार आपल्यासाठी खर्च करीत असतात. ही यादी मात्र दिवसेंदिवस वाढते आहे. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकानच बंद ठेवण्याचा नियम होता. २०१७ च्या नव्या कायद्याने दुकान बारा महिने, सातही दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली. नोकराला आठवड्याची सुट्टी आहे, पण ती ज्याची त्याची वेगळी. पूर्वी दुकानाला सुट्टी होती, आता एकेकट्या माणसाला आहे. आणि मोटरसायकलवर जेवणाचे डबे पोहोचविणाऱ्या तरुणांचा तर रविवार हाच कामाचा मुख्य दिवस. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचे नाव आले, पण त्यांच्या साप्ताहिक सुट्टीची तरतूद त्या संहितेत नाही. त्यांच्यातही बाप आहेत.

म्हणून आमची मागणी माफक आहे. ज्याला दर रविवार देणे खरोखरच शक्य नाही त्याला महिन्यातून एक तरी रविवार मिळावा, पाळीपाळीने मिळावा, आणि तो कोणता हे त्याला आधी कळावे. आधी कळणे महत्त्वाचे. आदल्या रात्री ‘उद्या येऊ नको’ असे सांगितलेल्या सुट्टीत माणूस फक्त झोपतो. पोराला दिलेला शब्द पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

एका कारखान्यात आम्ही हे करून पाहिले. मुलीच्या त्या प्रश्नानंतरच्या करारात आम्ही ही मागणी घातली. व्यवस्थापक हसले. म्हणाले, ‘वाढदिवसासाठी करार?’ आमचे सभासदही सगळे खूष नव्हते. ज्यांना सुट्टीच्या दिवशी काम करून दुप्पट दराने ओव्हरटाइम मिळत असे त्यांना वाटले, आपले पैसे जाणार. बँकेची कामे गुरुवारी करणारे कुरकुरले. चार बैठका झाल्या, त्यांतली एकही रविवारी नाही. शेवटी ठरले ते असे : प्रत्येकाला महिन्यात एका आठवड्याचा गुरुवार देऊन रविवार घेता येईल, नावे आदल्या महिन्याच्या २५ तारखेला फळ्यावर लागतील, ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांना पहिली निवड. उत्पादन बुडाले नाही. बुडाले असते तर व्यवस्थापकांनी आम्हांला दुसऱ्याच दिवशी बोलावले असते.

त्यानंतर काही महिन्यांनी ती बाई पुन्हा भेटली. तिने मोबाइल पुढे केला. सहावा वाढदिवस. फोटोत बाप आहे. डोळे मिटलेले, तोंडाला केक, शर्ट कामावरचाच. चांगला फोटो म्हणता येणार नाही. तिने मात्र तो छापून भिंतीवर लावला आहे.

१८९० च्या जूनमध्ये मिळालेली ही वस्तू आपल्याकडे वारसाहक्काने आलेली आहे. आपण येथे बसला आहात, त्यांत कोणी मालक असतील, कोणी अधिकारी असतील, कोणी नुसतेच गिऱ्हाईक असतील. मालकांनी आपल्या नोकराचा रविवार कधी येतो ते एकदा पाहावे. अधिकाऱ्यांनी पाळ्यांचा तक्ता करताना शाळेचा तक्ता शेजारी ठेवावा. गिऱ्हाइकांनी, जे सोमवारी चालेल ते रविवारी मागवू नये. आणि आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी रविवारच्या बैठका कमी कराव्यात. हे भाषणही रविवारी आहे, हे आमच्या ध्यानात आहे. म्हणून वेळेच्या आधी पाच मिनिटे संपवितो. घरी मुले जागी असतील.